काळी, पांढरी आणि रव्याची चाळणी

घरी फळीवर मांडायच्या छोट्या रेल्वेच्या छंदात देखाव्याचं सामान बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी फालर आणि नोख या दोन्ही जर्मन. त्यांची गवताची पुडी उघडली की जो हिरवा बाहेर येतो तो त्यांच्या डोंगराचा हिरवा. ओला, गार, आत्ताच पाऊस उघडल्यावरचा. त्यात खोटं काही नाही, त्यांच्याकडे तसंच दिसतं. पण तोच हिरवा लातुरात, माडीवरच्या प्लायवर मांडलेल्या स्टेशनाभोवती भुरभुरला, तर गाडीतला माणूस बाहेर बघून उतरायचाच नाही. त्याला उतरायचंय लातूरजवळच्या मुरूडला, आणि तेही चैत्रात.

घरी सामान करतेस ते स्वस्त पडतं म्हणून का, असं मला नेहमी विचारतात. स्वस्त पडतं हे खरंच आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. पण पैसे टाकून मिळालं असतं तर मी विकत घेतलं असतं. मुरमाचा रंग, उन्हानं पांढुरकी पडलेली काळी माती, येडी बाभळीचा तो धुळकट हिरवा हे कुणी पुडीत भरून विकत नाही. शिवाय एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. माती आपल्याच दारची असली तरी तिला चाळल्याशिवाय, उजळ केल्याशिवाय, थोडक्यात खोटी केल्याशिवाय ती आपली दिसत नाही. हा सगळा लेख त्या खोटेपणाबद्दल आहे.

आधी गाडीबद्दल सांगते. मी मांडते आहे ती बार्शी लाईट. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात. कुर्डुवाडीच्या दुसऱ्या अंगाला पंढरपूर आणि पंढरपूरहून मिरज. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ती उभी केली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचा हलका रूळ, आणि कुठल्याही डब्याच्या कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, असा त्याचा हिशेब होता. सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधली. (हाच माणूस उतारवयात विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला. जमिनीवर इतका हलका विचार करणाऱ्याला हवा सुचली यात मला नवल वाटत नाही.) २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी मोठी लाईन झाली आणि छोटी गाडी संपली.

छंदातलं सगळ्यांत चालणारं माप एचओ, म्हणजे एकास ८७. ७६२ ला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि एन नावाच्या त्याहून लहान मापाचा जो तयार रूळ बाजारात मिळतो तो ९ मिलिमीटरचा. म्हणजे माणसं, झाडं, स्टेशन एचओ मापाचं आणि रूळ एनचा, की बार्शी लाईट बसली. युरोपातले छोट्या लाईनींचे शौकीन हेच करतात. अडचण जागेची. एक किलोमीटर म्हणजे या मापात साडेअकरा मीटर, तेव्हा माझ्या फळीवर स्टेशनाचं आवार, एक कडुलिंब, विहीर, गावाची कड आणि दोन शेतं एवढंच मावतं. पाटीवर नाव घातलेलं नाही. ढोकी ते मुरूडच्या मधलं कुठलंही समजा.

साल ठरवावं लागतं आणि महिनाही. तयार सामान वापरणारा माणूस या प्रश्नातून सुटतो, त्याचा महिना कंपनीनं ठरवलेला असतो. मी साल धरलं १९८५ च्या आसपासचं, म्हणजे वाफेचं इंजिन चालेल. महिना चैत्र. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, याला पहिल्यापासून विरोध आहे. त्यांचं माहेर लाईनीवरच्या गावातलं, आषाढीला पंढरपूर याच गाडीनं. त्यांच्या डोक्यात ही गाडी कायम पावसाळ्यातली. "चैतात काय बघायचं हाय त्या रानात?" असं त्या म्हणतात. तेच तर बघायचं आहे.

काळीपासून सुरू करते, कारण सगळ्यांत जास्त तिनंच शिकवलं.

शेतातली काळी आणली, वाळवली, कुटली, वस्त्रगाळ केली आणि जशीच्या तशी फळीवर पसरली तर ती शेत दिसत नाही. फळीला भोक पडल्यासारखी दिसते. माती तीच, मग असं का? कारण आपण तिला रानात बघतो तेव्हा दुपारच्या उन्हात बघतो, तिथं उजेड लाखभर लक्स असतो. खोलीत ट्यूबलाईटखाली तो काही शेकड्यांवर येतो. शिवाय रानात आपण शेत बघतो ते लांबून; मधे हवा असते, धूळ असते, आणि लांबचा काळा कधी काळा राहत नाही, राखाडी होतो. फळीवरचं शेत डोळ्यापासून हातभर अंतरावर असलं तरी मापानं ते पन्नासेक पावलं लांब आहे. ती मधली हवा आपल्याला रंगात मिसळावी लागते.

हवा म्हणून मी राख वापरते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख आमच्या भागात विटांच्या कारखान्यांवर ढिगानं पडलेली असते, घमेलंभर कुणीही देतं. कोळशाची ही उडती राख म्हणजे अतिसूक्ष्म गोल गोळ्या, पिठापेक्षा बारीक; काम करताना तोंडाला रुमाल बांधलाच पाहिजे. पण ती मातीत कालवायची की वरून घालायची, यात सगळी मेख आहे.

आमच्या काळीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे: पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि फाटते. वैशाखात हातभर हातभर अंतरावर भेगा, त्यांत पाय अडकेल एवढ्या. आता गंमत बघा. याच मातीचं पातळ पिठल्याइतकं कालवण करून फळीवर दोनेक मिलिमीटरचा थर दिला आणि सावलीत वाळू दिला, तर ती तिथंही फाटते. आणि थर जितका पातळ तितक्या भेगा जवळजवळ पडतात. दोन मिलिमीटरच्या थराला साधारण बोटाच्या अर्ध्या रुंदीच्या आसपास. बोटाची अर्धी रुंदी गुणिले ८७ केलं की हात-दीड हात येतंच. म्हणजे काळी माती आपण होऊन मापात येते. माझ्या फळीवर दुसरं कुठलंही सामान हे करत नाही. झाड लहान करायला तार पिळावी लागते, दगड लहान करायला चाळावा लागतो. काळीला फक्त सुकू द्यायचं.

पण त्या कालवणात राख घातली की भेगा कमी होतात. फेव्हिकॉल घातला तर जवळजवळ पडतच नाहीत. राखेचं कारण रस्त्यांच्या इंजिनिअरांना पाठ आहे: काळीवर रस्ता करायचा तर तिची ही फुगाफुगी थांबवायला ते राख मिसळतात. त्यांना जे नको तेच मला हवं. म्हणून कालवण निव्वळ काळीचं, बिनराखेचं, बिनडिंकाचं. ते पूर्ण वाळून फाटलं की मग मलमलीच्या फडक्यात राख आणि चिमूटभर पिवळी माती बांधून ती पुरचुंडी वरून हलकी हलकी झटकायची. राख माथ्यावर बसते, भेगांच्या आत काळं राहतं. खऱ्या शेतात अगदी असंच असतं, वरचा पापुद्रा उन्हानं पांढुरका आणि भेगेत डोकावलं की काळं.

आता हे सगळं नुसतं ठेवलेलं, कशालाच चिकटलेलं नाही. पाण्यातला फेव्हिकॉल वरून ओतला तर काळी पुन्हा पाणी पिऊन फुगणार आणि भेगा मिटणार. इथं सुताराकडचं लाखेचं पॉलिश कामाला येतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि स्पिरिटनं काळी पाण्यासारखी फुगत नाही. पॉलिश स्पिरिट घालून अगदी पातळ करायचं, ड्रॉपरनं भेगेच्या कडेला टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. स्वयंपाकघरापासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून. रंग थोडा गडद होतो, म्हणून शेवटी राखेची पुरचुंडी आणखी एकदा फिरवायची.

खडीचं काम त्यापेक्षा सोपं, पण त्यात एक खाचखळगा आहे आणि तो आमच्या दगडातच आहे. मोठ्या लाईनीची खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते. ८७ नं भागली की पाऊण मिलिमीटर, म्हणजे रव्याचा दाणा. खडी क्रशरवरची डस्ट आणायची, पाण्यात खळबळून धुवायची, वाळवायची, मग आधी रव्याच्या चाळणीनं चाळायची आणि जे खाली पडेल ते मैद्याच्या चाळणीत घ्यायचं. मैद्याच्या चाळणीत वर उरतं ते आपलं. खाली गळालेली पूड टाकायची नाही, ती रस्त्याला लागते. या चाळण्या स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत हे घरात आधीच जाहीर करून टाकलेलं बरं.

खाचखळगा हा. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात लोहचुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाचे बारीक कण असतात. इंजिनाच्या पोटातल्या मोटारीत चुंबक असतो. रुळांमधला सैल कण उडून तिथं जाऊन बसला की मोटार कुरकुरायला लागते आणि मग ती उघडून ब्रशनं साफ करत बसा. म्हणून जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खडीवरून फिरवायचा. काळ्या दाण्यांची मिशी फुटते पिशवीला. पिशवी उलटी करून ती झटकायची, पुन्हा फिरवायचा. काही दाणे सुटतातच, म्हणून चिकटवणं पक्कं हवं: आधी पाण्याचा हलका फवारा, मग निम्मं फेव्हिकॉल, निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसेल तर पाणी धुळीवर मोत्यासारखं गडगडतं, आत जातच नाही.

काही जण खडीसाठी जाड रांगोळी राखाडी रंगवून वापरतात. मला ती आवडत नाही, तिचे कण दिव्याखाली चमकतात. आणि छोट्या लाईनीवर तशी ताजी, ठळक खडी मला तरी कधी दिसलेली नाही. मुरूम, इंजिनाची राख, मधेच उगवलेलं गवत, असा सगळा मिळून एक मातकट पट्टा असायचा. म्हणून माझी खडी चिकटली की मी तिच्यावर चाळलेला मुरूम भुरभुरते आणि केलेलं निम्मं काम झाकून टाकते. प्लॅटफॉर्मही मुरमाचाच, फक्त कडेला दगडाची ओळ.

आता पांढरी. शिवार काळीचं आणि गाव पांढरीचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गावठाणाची ही माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या राहत्या घरांची, चुलीच्या राखेची, पडलेल्या भिंतींची. तिला रंग म्हणावा असा रंगच नाही. मी ती करायला घेतली तेव्हा चुना, राख आणि मुलतानी माती यांचं मिश्रण केलं आणि आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी चिमटीत घेऊन चोळलं. "ही शाळंच्या भिताडाची हाय. पांढरी अशी न्हाई ऱ्हात. पांढरीत जराशी पिवळी झाक असती, अन् हाताला मऊ लागती." आणि मग, "माती बी इकत घ्यायलेत का आता लोकं? गावाकडून एक पिशवी मागव की." पिशवी आली. ती तेवढी मी जवळपास जशीच्या तशी वापरते, ती मुळातच फिकी असल्यानं तिला उजेडाची फारशी अडचण येत नाही.

फळीच्या कडेला माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं आहेत. फोमबोर्डाच्या भिंती, वर पांढरी आणि पातळ फेव्हिकॉलचा लेप, छतावर जाड थर आणि मधे उजेडाला साणं. माळवद अगदी सपाट केलं की ते सिमेंटच्या स्लॅबसारखं दिसतं. पाणी वाहायला दिलेला किंचित ढाळ आणि कडांचा गोलवा आला की ते माळवद होतं. आत्याबाईंनी भिंती बघून जाडी कमी आहे म्हटलं. "दोन दोन हात रुंद असायच्या." म्हणजे मापानं एक सेंटिमीटर. मी सगळ्या बदलल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं माळवदाचं वजन माणसांवर आलं. त्यानंतर आमच्या भागात पत्रे आले, सिमेंट आलं. साल १९८५ धरण्यामागं वाफेचं इंजिन हे एकच कारण नाही. दहा वर्षं पुढं सरकलं असतं तर गावाची ही कड मला अशी करता आली नसती.

झाडांना स्लॅबच्या कामाची बाइंडिंग वायर लागते. तारांचे वीतभर तुकडे एकत्र धरून खालून पिळत यायचं, मग दोन-दोन, तीन-तीन तारा वेगळ्या काढून फांद्या. लिंब बारा मीटरचा धरला तर चौदा सेंटिमीटर होतो. बारीक भुसा आणि फेव्हिकॉल एकत्र मळून खोडाला लावलं की साल तयार, आणि सुकताना त्याला ज्या चिरा पडतात त्या बुजवायच्या नाहीत. लिंब गोल आणि भरगच्च. येडी बाभळ विस्कटलेली, खालूनच फुटलेली, एकीकडं कललेली. ती नीटनेटकी जमली म्हणजे बिघडली. येडी बाभळीसाठी तार पिळायचीही गरज नाही. तुरीच्या वाळलेल्या फांदीचा शेंडा चांगला चालतो. गाजरगवताचा वाळलेला तुराही हुबेहूब झाड दिसतो आणि तो उकिरड्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत कुठंही मिळतो, पण त्यानं अंगाला खाज सुटते, दमा असणाऱ्यानं तर हातही लावू नये. एवढं एक तण कामी आणण्याचा मोह मी सोडून दिला.

पाला हा गादीवाल्याकडच्या फोमच्या तुकड्यांचा. ते जुन्या मिक्सरमध्ये पाणी घालून वाटायचे, कोरडे वाटले तर घरभर उडतात. पिळून घेतले की रंग. वखारीतल्या भुशाचाही पाला होतो. परदेशातही फोम येण्याआधी रंगवलेला भुसाच चालायचा. मला तो फोमपेक्षा जमिनीवर जास्त पटतो. फिकट लाकडाचा भुसा आणावा, सागाचा रंग घेत नाही. हे ज्ञान रेल्वेचं नाही, महालक्ष्म्यांचं आहे. आमच्याकडं महालक्ष्म्यांपुढं देखावा असतो, त्यात रंगवलेल्या भुशाचे गालिचे, चुरगाळलेल्या कागदाचे डोंगर, पेरलेल्या गव्हाची हिरवळ. माझ्या आईनं हे सगळं केलं. तिला कुणी छंद म्हटलं नाही, तीन दिवसांनी सगळं आवरून टाकायचं असायचं. माझ्या फळीला तीन दिवसांची मुदत नाही, आणि खरा फरक तिथं पडतो, कारण टिकवायचं म्हटलं की अर्धी सामग्री बाद होते.

हळद बाद. सुरेख पिवळी चढते, पण उजेडात उडते, आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.  वाटलेला खरा पाला बाद, काही महिन्यांत तपकिरी होतो. उकळून घेतलेल्या चहाचा चोथा ओल्या मातीसाठी फार छान दिसतो, पण कडकडीत वाळलेला नसेल तर बुरशी. रंगासाठी मी हार्डवेअरच्या दुकानातलं स्टेनर वापरते, भिंतीच्या डिस्टेंपरमध्ये मिसळायला मिळतं ते. पिवळ्या मातीचा, विटकरी, काळा आणि हिरवा एवढ्या चार बाटल्यांत मराठवाड्याचे बाराही महिने बसतात. हिरव्यात नेहमी विटकरीचा एक थेंब टाकायचा. नुसता हिरवा आमच्याकडं फक्त रिक्षांच्या ताडपत्रीवर असतो.

कीड हा दुसरा प्रश्न. भुसा, वाख, तुराट्या हे सगळं खाणारं कुणी ना कुणी असतंच. भुशात मी कॅरमची बोरिक पावडर मिसळते. आणि मागचा डोंगर कागदाच्या लगद्याचा असल्यानं त्यात वाटलेल्या मेथ्या घातल्या आहेत, पूर्वी लगद्याच्या टोपल्या करताना बायका घालायच्या तशा. मेथीनं लगदा चिकटही होतो आणि किडे लांब राहतात. डोंगर बालाघाटाचा, म्हणून माथा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचा. टोकदार डोंगर केला की तो हिमालयाचा पोस्टर होतो. पायऱ्यांच्या मधे एके ठिकाणी गेरूची बारीक तांबडी ओळ दिली आहे: लाव्हाच्या दोन थरांमधली भाजलेली माती. येडशीकडं घाटात रस्त्याच्या कापणीत अशी ओळ बघायला मिळते. शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावर काढून दाखवली तेव्हा मुलांनी जांभई दिली होती, आता फळीवर तीच मुलं बोट लावून विचारतात.

गवताला अंबाडीचा वाख. पूर्वी अंबाडीच्या कांड्या पाण्यात कुजवून सोलायचे, त्याचे दोर वळायचे. आता नायलॉन आलं. पण वाखाचा तो फिकट सोनेरी रंग म्हणजे होळीनंतरच्या माळावरच्या गवताचा रंग आहे, त्यात एक थेंबही रंग घालायचा नाही. चार मिलिमीटर लांबीचे तुकडे, चिमटीत धरून बुडाला फेव्हिकॉल, आणि एकेक झुबका टेकवायचा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करावं.

बुटक्या, दाट गवतासाठी एक यंत्र आहे. विजेचा भार देऊन धागे उभे करणारं. घरी करतात ते मच्छर मारायच्या बॅटचं. तिच्या जाळीचं एक टोक लोखंडी चहागाळणीला, दुसरं टोक ओल्या फेव्हिकॉलमध्ये टोचलेल्या खिळ्याला. गाळणीत नायलॉनचे कापलेले धागे घालून हलवलं की ते खाली पडताना सरळ होतात आणि फेव्हिकॉलमध्ये उभे रुततात. पहिल्यांदा बघणारा टाळ्या वाजवतो. बॅट बंद केल्यावरही आत भार उरतो, तेव्हा हात लावण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची. वाख त्यात उभा राहत नाही, धागे विकतच घ्यावे लागतात, म्हणून हे यंत्र मी लिंबाखालच्या हिरवळीपुरतं वापरलं आणि ठेवून दिलं.

पाणी करणं हे या छंदातलं अवघड काम समजतात. रेझिन ओतायचं, बुडबुडे काढायचे, तरंग उठवायचे. मला ते लागलं नाही. फळीच्या कोपऱ्यातून ओढा जातो, त्यात वाळू आहे. भाच्यानं विचारलं, "मामी, मग पाण्याची रेल्वे तरी चालव की." त्याला २०१६ ची गाडी आठवत होती. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून पाणी आलं, आधी १० टाक्यांची गाडी ५ लाख लिटर घेऊन, मग ५० टाक्यांची २५ लाख लिटर घेऊन. मी त्याला सांगितलं की ती मोठ्या लाईनीची गाडी, तिचा रूळ या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटरचा होतो, आपल्या नऊच्या रुळावर ती उभीच राहणार नाही. तो हिरमुसला. पण तो गेल्यावर मी नकाशा काढून बसले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी बार्शी लाईट. पाणी आमच्याकडं आलं ते बव्हंशी कॅलथ्रॉपच्या वाटेनं आलं, रूळ मात्र रुंद झाले होते. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्यांनी स्टेशनच्या दिशेनं टँकर जाताना-येताना बघितले, आणि ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती भाच्याला रुळाचं माप समजावताना.

चैत्र ठेवायचा, या निर्णयाला त्या दिवसापासून मी जास्त घट्ट धरून आहे. आमच्या रानाचं चित्र काढायचं म्हटलं की लोक पावसाळा काढतात; पोळ्याचे बैल, हिरवं सोयाबीन, भरलेला ओढा. वर्षातले सात-आठ महिने जे डोळ्यासमोर असतं ते कुणी चितारायला घेत नाही, जणू ते दिसणं म्हणजे रानाचं आजारपण. मला ते तसं वाटत नाही. पिवळ्याच्या इतक्या छटा मी हे काम करेपर्यंत मोजल्या नव्हत्या. कडब्याचा पिवळा वेगळा, वाखाचा वेगळा, तुराट्यांचा तर करडाच. मुरूम सकाळी तांबूस आणि दुपारी जवळजवळ पांढरा. हे सगळं मापात आणायला निघालं की आधी ते बघावं लागतं. कडब्याची गंज मी केरसुणीच्या काड्यांची केली आहे, आणि तिच्या वरच्या पेंढ्या खालच्यांपेक्षा फिकट ठेवल्या आहेत, कारण ऊन वरच्यांना लागतं.

सध्या विहिरीचं काम चालू आहे. बेसाल्टच्या चिपा एकेक लावून बांधलेली गोल विहीर, एका अंगाला मोटेचं पाणी पडतं ती थारोळी. विहीर खोल दिसावी म्हणून फळीला खालून डबा लावला आणि तळाला पाण्याऐवजी कोरडा मुरूम टाकला. आत्याबाईंनी चष्मा लावून आत बघितलं. "कोरडी का ठिवलीस?" चैत्र आहे, मी म्हटलं. "चैत असला म्हून काय झालं? मव्हरं लिंब हिरवागार हाय न्हवं तुजा? लिंबाच्या मुळ्याला वल घावली तर हिरीच्या बुडाला पानी असंलच की. लई नगं, घागर बुडंल एवढं." लिंब चैत्रात नवीन पालवीचा असतो, मी मुद्दाम तसाच केला होता, आणि त्याचा विहिरीशी संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता. लिंबाची मुळं खोल जातात, त्याची पालवी पावसावर अडत नाही हे मी वर्गात शिकवते. तरी आत्याबाईंचं म्हणणं मोडवत नाही. रेझिनची लहान बाटली मागवली आहे. घागर बुडेल एवढं म्हणजे या मापात किती, ते त्या रविवारी बोटानं दाखवणार आहेत.